फ्लायव्हील आणि चढावरचं घर

"जड आहेस म्हणून तुझी किंमत आहे," मला लोखंड कातणाऱ्या लेथवरून उतरवताना कारागीर म्हणाला होता, "आणि जड आहेस म्हणूनच एक दिवस तुला काढतील." मी ते मनावर घेतलं नाही. तेव्हा माझ्या अंगावर नवी झळाळी होती. नव्या वस्तूला असलं बोलणं म्हणजे उगाचची कुरकुर वाटते.

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतली जुनी, जाडजूड लोखंडी चकती आहे. गॅरेजमध्ये मला फ्लायव्हील म्हणतात. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण माझी जागा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, अंधारात. इंजिन मला फिरवतं आणि मी ती फिरकी अंगात साठवते. गाडी जागची हलताना इंजिनावर एकदम ओझं येतं, त्याचा जीव घाबरा होतो. तेव्हा मी साठवलेलं त्याला देते आणि गाडी न गचकता पुढे जाते. क्लचप्लेट माझ्या अंगाला टेकून असते. पेडल दाबलं की ती माझ्यापासून सुटते, सोडलं की पुन्हा चिकटते. आमचं नातं जावाजावांचं. दिवसभर घासाघीस, पण एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही.

मोटार एका आईची आहे. नवरा गेल्यावर ती चाळिशीत गाडी शिकली. तेव्हा क्लच असा झटक्यात सोडायची की शेजारी म्हणायचे, बाई गाडी चालवतात की बेडूक उडवतात! मी तिला सांभाळून घेतलं. हळूहळू तिचा पाय आणि मी एकमेकांना ओळखायला लागलो.

दर आठवड्याला ती मोठ्या बहिणीकडे जायची. ताई गावाबाहेरच्या चढावर, शेवटच्या घरात एकट्या राहतात. त्यांना आता अंधुक दिसतं. आई त्यांच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरून द्यायची, नखं कापायची, जुन्या गोष्टींवरून भांडायची आणि हसत परत यायची. त्या चढाला मध्येच एक वळण आहे. वरून येणारं दिसत नाही, म्हणून तिथे थांबावंच लागतं. थांबलेली गाडी तिथून उचलायची, हे माझं खरं काम. इंजिन विझायला यायचं आणि मी त्याला ओढून नेल्यासारखी वर न्यायचे. माझी घरघर वळणावर ऐकू आली की ताई दाराची कडी काढून चहाचं आधण ठेवायच्या. माझं कौतुक कोणी केलं नाही, पण ते आधण थोडं माझ्यासाठीही आहे, असं मी मनाशी धरलं होतं.

मग मुलगा आला. तो परगावी नोकरीला असतो. आईच्या गाडीला नवा जीव द्यायचा म्हणून मोठी रजा काढून आला होता. त्याने इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मोठा कार्बुरेटर बसवला, इंजिनातले भाग बदलले. इंजिनाची ताकद इतकी वाढली की जुना क्लच घसरायला लागला. नवा निवडणं भाग होतं. मेकॅनिकने दोन क्लच समोर ठेवले. एकाची स्प्रिंग जरा कडक होती, तो माझ्यासोबत सुखाने नांदला असता. दुसरा शर्यतीच्या गाडीचा, पायाने दाबायला फार कडक, आणि त्याच्या जोडीला माझ्या निम्म्या वजनाची चकती. हलक्या चकतीने इंजिन कसं चुटकीसरशी उसळतं, हे सांगताना मेकॅनिकचेही डोळे चमकत होते. तरी त्याने एकदा विचारलं.

"चालवणार कोण?"

"आईच. ती रोडरोलरसुद्धा चालवेल, काका."

दोघेही हसले. आईला विचारावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. भेट कोणी विचारून देतं का?

माझे बोल्ट सुटले. आई म्हणाली, भंगारात नको, राहू दे. म्हणून आज मी फाटक आपटू नये यासाठी ठेवलेली धोंड आहे. पाऊस-धूळ अंगावर घेते. गंज चढला आहे. समोरच मोटार उभी असते.

पहिल्या दिवशी मुलाने आईला सपाट रस्त्यावर फेरी मारायला लावली. परत आल्यावर ती म्हणाली, "छान झाली रे. एकदम तरणीताठी." तो आनंदाने आत गेला. ती गाडीतच बसून राहिली, डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून.

तो नोकरीच्या गावी परतल्यावर ती ताईंकडे निघाली आणि इंजिन नीट तापण्याआधीच परत आली. गाडीतूनच तिने फोन केला. "ताई, वळणावर सारखी बंद पडत होती गं. मागे शाळेची बस. गाडी मागे घरंगळायला लागली, मला वाटलं संपलं सगळं. नाही, त्याला नको सांगूस. किती हौसेने केलंय त्याने."

त्यानंतर ती चढावर गेली नाही. प्रवाशांची बस चढाच्या पायथ्याशीच थांबते आणि एवढा चढ तिच्या गुडघ्याला झेपत नाही. ताईंना सांगते, गाडी गॅरेजला आहे. मुलगा विचारतो, गाडी कशी पळते? ती सांगते, मस्त. मावशी कशी आहे? मजेत, आता कामाला बाई येते. कोणी बाई येत नाही, मित्रांनो. तीन मायेची माणसं, आणि एकमेकांना जपता जपता खरं कोणापर्यंत पोचतच नाही.

परवा ताई फोनवर चिडल्या. आता आलीस तरच बोलेन, म्हणाल्या. आज आईने फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. "रुसली आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग किल्ली फिरवली, दात आवळून पेडल दाबलं. पेडल पायाखालून सटकलं, इंजिन उसळलं आणि फाटकापाशी, माझ्यासमोरच, विझलं. ती आत निघून गेली.

मला मात्र चैन नाही. रुसलेलं माणूस फोन कापून टाकतं, नुसता वाजू देत नाही. गोळ्यांची डबी कधीच रिकामी झाली असेल. माझ्यात आजही तो चढ चढण्याएवढं वजन आहे, पण धोंडीला कोण विचारतो?

मला घासा, तेल लावा, असं मी म्हणत नाही. माझं झालं ते झालं. पण तुमच्यापैकी कोणी त्या चढाच्या बाजूला राहत असेल, तर आजच जा. लहान असाल तर मोठ्या माणसाला सोबत न्या. वळणावर जपा. शेवटचं घर. दार वाजवा, ताई म्हणून हाक मारा. आतून कोणी बोललं नाही, तर रुसल्या असतील म्हणून परत फिरू नका.