ताईच्या बाजूचा ब्रेक

"इथे आंघोळ करायची म्हणजे आधी पोट बाहेर ठेवायचं आणि मग आपण आत शिरायचं," पातळ दारामागून आमचे हे कुरकुरत होते. "साबण पडला तर वाकायची सोय नाही. वाकलो की दार उघडतं आणि अख्ख्या परदेशाला दर्शन!"

मी त्याच दाराला टेकून कांदा चिरत होते, कारण त्या भाड्याच्या फिरत्या घरात टेकायला दुसरी जागाच नव्हती. ओटा, पलंग, टेबल, न्हाणी, सगळा संसार एका लांबड्या व्हॅनमध्ये कोंबलेला. बाहेर मास्तर टायरांना लाथ मारत रोजची फेरी घालत होते. मास्तर म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलंय. मलाही शिकवलं. आमच्या ह्यांनाही शिकवायला घेतलं होतं. गाडी बंद पडली की शिकणाऱ्याने डॅशबोर्डवर थोपटून गाडीला सॉरी म्हणायचं, हा मास्तरांचा नियम. ह्यांनी इतक्यांदा सॉरी म्हटलं की शेवटी ह्यांनी आणि गाडीने एकमेकांचा नाद सोडला.

मास्तर डाव्या आरशापाशी थांबले. त्याची काच कालच तडकली होती. एका अरुंद वळणावर तो दगडी भिंतीला घासला होता.

"स्क्रूच ढिला होता याचा," मास्तर म्हणाले.

"हो, भाड्याच्या गाड्यांचं असंच असतं," ताई म्हणाली.

भिंत तिथे आमच्या पणज्यांच्या आधीपासून उभी असावी. ती काही अचानक पुढे सरसावली नव्हती. पण मीही कांद्यावर मान डोलावली.

गेल्या वर्षापासून मास्तरांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. त्याचे थेंब इथेही फ्रीजमध्ये, जॅमच्या बाटलीमागे होते. डोळे कोरडे पडतात म्हणून घालतो, असं ते सांगायचे. नजर किती गेलीय हे आम्हा तिघांना दिसत होतं. त्यांना स्वतःला किती कळत होतं, ते कोणी विचारलं नव्हतं.

मला कळलं ते एका लग्नाहून परतताना. त्यांच्याकडे घरची अशी वेगळी गाडी कधी नव्हतीच. लग्न असो की मयत, जायचं ते स्कूलच्याच गाडीतून, टपावर पाटी मिरवत. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आपल्याकडे तो डाव्या बाजूला. घरच्या फेऱ्यांत ती जागा ताईची. त्या दिवशी मी मागे मधोमध बसले होते. डावीकडच्या गल्लीतून एक स्कूटर सुसाट बाहेर आली. गाडी कचकन थांबली. मास्तरांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. ताईची चप्पल तिच्या बाजूच्या ब्रेकवर होती, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलेली.

"बघितलंत मेहुणीबाई? याला म्हणतात ब्रेक!" मास्तर म्हणाले.

ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

या सहलीचं ठरलं तेव्हा तिने फोनवर इतकंच म्हटलं, "परदेशात चालतो तो परवाना तूही काढून ठेव. असू दे आपला." गाडी भाड्याने देणाऱ्याने दुसरा चालक कोण म्हणून विचारलं. मास्तर हसले. ताईने माझ्या पाठीत बोट खुपसलं आणि मी मुकाट्याने परवाना पुढे केला. तो गृहस्थ जाताना म्हणालाही, "मोठ्या रस्त्यानेच जा. आतले रस्ते या गाडीला नाहीत."

"मोठ्या रस्त्यावर काय, कोणीही चालवतं," हे मास्तरांचं त्यावरचं उत्तर.

आणि इथे सगळंच उलटं निघालं. वाहनं उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे समोरून येणारं प्रत्येक वाहन मास्तरांच्या डाव्या खांद्याला चाटून जायचं. ताई पलीकडे उजवीकडे, जिकडचं त्यांना लख्ख दिसत होतं. तिच्या पायाखाली रबराची चटई.

नाश्त्याला मी चहा मास्तरांच्या डाव्या हाताशी ठेवला. बोलता बोलता ताईने तो कप उचलून उजवीकडे ठेवला, माशी हाकलावी इतक्या सहज.

भांडी विसळताना मी हळूच म्हटलं, "ताई, आज मी घेऊ का गाडी?"

"काय सांगून घेशील?"

"कंबर दुखतेय म्हणू त्यांची."

"त्यांची कंबर उत्तम आहे." तिने ताटली पुसली, परत पुसली. "त्या खुर्चीतून उठवलं की तो माणूस घरभर नुसता फिरत राहील गं. मी बघितलंय, रविवारी स्कूल बंद असलं की कसे होतात ते. दोनच दिवस राहिलेत. नीट जातील."

"उद्या घाट आहे."

"माहितेय मला," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

आम्ही निघालो. रस्ता तासाभरात इतका आक्रसला की दोन्हीकडची झुडपं गाडीच्या अंगाला खरवडू लागली. घरं संपली. वळणापलीकडे काय आहे ते वळल्यावरच कळायचं. मी टेबलामागच्या बाकावर पट्टा लावून बसले होते आणि माझी नजर ताईच्या पायावर होती. तो पाय दर वळणाला चटई दाबत होता.

"मास्तर, जरा हळू," हे म्हणाले. "माझा नाश्ता अजून ठरवतोय कुठे राहायचं ते."

"साडूभाऊ, तुम्ही बोलू नका. तुम्ही नापास."

सगळे हसलो. हसू पुरतं विरायच्या आत डाव्या खिडकीत काहीतरी लाल चमकलं आणि मागे ओरडण्याचा आवाज आला. मी मागच्या काचेतून पाहिलं. एक सायकलवाला चरात आडवा झाला होता. तो उठला, हात उगारून ओरडू लागला. माझा जीव भांड्यात पडला, पण ते भांडं हिंदकळतच होतं.

"कोण ओरडलं?" मास्तरांनी विचारलं.

ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत हात धरणारा हा माणूस नव्हे.

"शेतातलं कोणीतरी असेल," शेवटी ताई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

मास्तर इतका वेळ शीळ घालत होते, ती त्यानंतर थांबली.

पुढे तो रस्ता एका मोठ्या रस्त्याला मिळत होता. कोपऱ्यावर उंच भिंत. मास्तरांनी गाडी उभी केली आणि आयुष्यभराच्या सवयीने आधी उजवीकडे पाहिलं, नीट, मान वळवून. डावीकडे नुसती मान हलली. इथे जवळच्या बाजूची वाहनं येणार होती ती डावीकडूनच.

"मोकळा आहे," ते म्हणाले आणि पहिला गिअर टाकला.

मला भिंतीआडून टँकरचं चंदेरी नाक दिसलं. ताईचा पाय चटईवर आपटला, पुन्हा आपटला. मास्तरांनी तिचा श्वास ऐकला असेल, की ते पाऊल, कोण जाणे. मास्तर दचकले आणि त्यांचा पाय क्लचवरून निसटला. गाडीने एक आचका दिला आणि जागच्या जागी बंद पडली, नवशिक्याच्या हातून पडते तशी.

टँकर भोंगा वाजवत नाकासमोरून गेला. अख्खी गाडी हलली. ओट्याखालचा खण उघडला आणि चमचे खळखळत माझ्या पायापर्यंत आले.

ह्यांनी तोंड उघडलं. विनोद ओठावर आलेला मला दिसला. मग त्यांनी तोंड मिटलं.

मास्तरांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. दोनदा थोपटलं.

"सॉरी," ते गाडीला म्हणाले.

"अहो, असू दे," ताई घाईने म्हणाली. "हा क्लचच कडक आहे. भाड्याच्या गाडीचं—"

"त्या लग्नाहून येताना ब्रेक तू दाबलास. त्यानंतरही प्रत्येक वेळी तूच दाबत होतीस."

ताईने पदर तोंडाशी धरला.

मास्तरांनी किल्ली काढली आणि न बघताच मागे माझ्याकडे धरली. त्यांची नजर ताईच्या पायाखालच्या चटईवर होती.

"या गाडीत तुझ्या बाजूला ब्रेक नाही गं," ते म्हणाले. "आणि मला डावीकडचं काही दिसत नाही."