आधी निरोप, मग बर्फ

ध्रुवाकडच्या आमच्या गावात, रेडिओ स्टेशनवर, सकाळी नऊला आधी निरोप वाचायचे आणि मग हवा-बर्फाची बातमी. हा क्रम काही सरकारने लावलेला नव्हता, मी लावला होता. अठरा वर्षांपूर्वी मी या खुर्चीत बसले तेव्हा सगळं उलटं होतं. शिकारीच्या तळांवरून परतलेले लोक दारातच मला धरायचे, "आपिया, तुझं ते वारा-बिरा ऐकता ऐकता बॅटरी संपते. आधी घरचं सांगत जा. बर्फ काय, तंबूतून बाहेर आलं की दिसतंच!" म्हटलं, खरंय. तळावर बॅटरी म्हणजे जीव की प्राण. थंडीने ती मरू नये म्हणून माणसं तिला अंथरुणात घेऊन झोपतात. मग मी क्रम बदलला. वर रोज माइकवरून दटावायचे, "निरोप संपले की बंद करा रे! बॅटऱ्या काय झाडाला लागतात? आणि झाड तरी कुठाय आपल्याकडे!" लोक हसायचे आणि बंद करायचे. मला मोठी अक्कल आल्यासारखं वाटायचं.

कौनाक माझा धाकटा भाऊ. आमचे वडील गेले त्याच महिन्यात जन्मला, म्हणून त्यांचंच नाव त्याला दिलं. मुलगा असो की मुलगी, नाव दिलं की गेलेलं माणूस परत आलं, असं आम्ही मानतो. म्हणून माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या या पोराला मी बाबा म्हणायचे, आणि बाबांना रागवायची सोय नाही. त्याने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पायाला भिंगरी लागलेली, कुठे म्हणून थांबणं ठाऊक नाही.

त्या जूनमध्ये तो गोठलेल्या खाडीपलीकडे सीलच्या शिकारीला गेला, सोबत म्हातारा साकियासी. लीटिआ, त्याची बायको, दिवस भरत आलेली. मी म्हटलं, "बाबा, आता कुठे निघालात?"

"तीन आठवडे आहेत अजून. आणि तू आहेस ना रेडिओवर! काही झालं तर ओरड, आलोच."

तीन आठवडे कसले! सहाव्या दिवशी पहाटे लीटिआला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. धुक्यामुळे विमान येईना. पावणेनऊला तिची आई पानिक्पाक धापा टाकत स्टेशनात शिरली. बाईच्या पायात दोन वेगवेगळे बूट.

"नर्स म्हणते संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही. त्याला बोलाव, आपिया. पोरीला एकटीला मरू देऊ नकोस."

मी निरोप लिहून घेतला. तेवढ्यात आमचा तंत्रज्ञ जोआमी बर्फाची बातमी घेऊन आला. कागद टेबलावर ठेवत म्हणाला, "ताई, नेहमीची वाट गेली. मधली भेग रात्रीत उघडलीय. वरून बर्फ दिसतं पण खाली काही नाही. लांबच्या टोकावरून वळसा घ्यायला सांग सगळ्यांना."

मी ऐकलं. देवाशपथ ऐकलं. कागद माझ्या कोपराखाली होता. नऊ वाजले, लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडाने अठरा वर्षांची सवय बोलली.

"कौनाकसाठी, सीलच्या तळावर. लीटिआची तब्येत फार वाईट आहे. ताबडतोब घरी ये."

पुढे आणखी चार निरोप होते. कुणाचं पीठ संपलं होतं, कुणाची आत्या आली होती. ते सगळे मी वाचले. मग बर्फाची बातमी, आणि वळशाच्या वाटेचं दोनदा वाचलं, कौनाकचं नाव घेऊन वाचलं. तोवर नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

साकियासी तीन दिवसांनी लांबच्या वाटेने आला. माझ्याकडे न बघता बोलला. "त्याने आपला निरोप ऐकला आणि रेडिओ बंद केला. मी म्हटलं, पुढचं ऐक की. म्हणाला, बॅटरी वाचव काका, ताई ओरडते. चहा तसाच टाकला आणि बर्फगाडी काढली."

गाडीची खूण भेगेपर्यंत होती. पलीकडे नव्हती. माणसांनी आठ दिवस पाण्यात लोखंडी आकडे टाकून शोधलं, पण हाती काही लागलं नाही.

आणि लीटिआ जगली. त्याच दुपारी धुकं फाटलं, विमान आलं, रक्त चढवलं. संध्याकाळी ती नवरा कुठाय म्हणून विचारत होती.

गावात मला कुणी शब्दाने बोललं नाही. उलट सीलचं मटण आणून द्यायचे, म्हणायचे, तुझी काय चूक, तू तर बोलावणं वाचलंस. असा संताप यायचा मला! अरे, एक शिवी तरी द्या.

दहाव्या दिवशी नऊच्या जरा आधी लीटिआ स्टेशनात आली. पाठीवर, कोटाच्या रुंद टोपीत, आमच्याकडे ठेवतात तशी मुलगी. चेहरा उकडलेल्या मासळीसारखा पांढरा. उभ्यानेच म्हणाली, "ताई, आधी बर्फाचं वाचायचं होतंस."

"हो."

"सगळे म्हणतात तुझी चूक नाही."

"माझीच आहे."

"तुझीच आहे," ती म्हणाली आणि बसली. मला हुंदका आला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

डोळे पुसून मी विचारलं, "पोरीचं नाव? नर्स जन्माच्या कागदासाठी अडून बसलीय. मला वाटलं, बाबांचंच..."

"ते नाव द्यायला माणूस गेलेलं असावं लागतं. माझा नवरा तळावर आहे." तिने खिशातून चिठ्ठी काढली. "हे वाच."

मी वाचली आणि म्हटलं, "लीटिआ, अगं, हे कसं..."

"आलेला प्रत्येक निरोप वाचतेस ना? की घरचे तेवढे गाळतेस?"

नऊ वाजत आले होते, जोआमीने काचेपलीकडून बोटं मोजत सुरू करायची खूण केली. मी आधी बर्फाची बातमी वाचली, सगळी, सावकाश. मग म्हटलं, "कौनाकसाठी, सीलच्या तळावर. मी बरी आहे. मुलगी झाली, नाक तुझं आहे. घाई करू नकोस. लांबच्या वाटेने ये."

ती उठली, पोरीला सावरलं आणि म्हणाली, "उद्याचा उद्या आणते."

आज एकोणचाळिसावा निरोप होता. खाडीतलं बर्फ कधीच वाहून गेलंय, होड्या चालतात. ती अजून लांबच्या वाटेने ये असंच लिहिते, आणि मी वाचते.