इस्तोयच्या गोळ्या

कापिस प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात निवडणूक झाली, कप्तान, म्हणजे गावचा प्रमुख, बदलला आणि सोमवारी सकाळी आरोग्य केंद्राच्या दारावर सेविकांची नवी यादी लागली. फेलिसानं ती तीनदा वाचली. एकोणीस वर्षं ती सेविका होती, गाव तिला मानानं मनांग, म्हणजे ताई, म्हणायचं; आता तिचं नाव कुठंच नव्हतं. तिच्या जागी कप्तानाची मेहुणी जेरालिन, वय बावीस.

"मनांग, माझ्यावर रागावू नका," पोरगी खाली मान घालून म्हणाली. "मी काही मागितलं नव्हतं."

"ते जाऊ दे. मनोंग इस्तोयच्या गोळ्या कोण देणार?"

इस्तोय हा खेकडे धरणारा एकटा जीव, वयानं मोठा म्हणून मनोंग, म्हणजे दादा. टीबीचं औषध त्यानं दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं. या खेपेला पाचवा महिना चालू होता, तो फेलिसामुळं. रोज सकाळी ती त्याच्या पायरीवर ठाण मांडायची, उकडलेलं रताळं पुढं करायची आणि गोळ्या घशाखाली उतरेपर्यंत हलायची नाही. तो तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ती म्हणायची, "झालं सगळं? आता आ करा."

जेरालिन गेली आणि पाऊण तासात रडत परतली. "कप्तानाच्या घरातलं विष खाणार नाही म्हणाले. कोयता उगारला, मनांग!"

फेलिसा तशीच कप्तानाकडं गेली. तो ओसरीवर कॉफी पीत होता.

"कप्तान, मला काढलंत ते काढलंत. फक्त त्या एका माणसाचं मला करू द्या. फुकट करते."

"तुझ्या कुंपणावर कुणाचं पोस्टर होतं, मनांग?"

"तुमच्याविरुद्ध दीर उभा होता. नवऱ्यानं लावलं. मी काय फाडू?"

"फाडायचं होतं," कप्तान शांतपणे म्हणाला. "आता यादी झाली."

तिनं हात जोडले. तुमची दोन्ही लेकरं मीच वजनकाट्याला टांगली, म्हणाली. त्यानं कप ठेवला आणि आत गेला. आयुष्यात कुणापुढं वाकली नव्हती, आणि वाकून मिळालं काय, तर बंद दार.

गुरुवारी तालुक्याहून औषधं घेऊन नर्सबाई आल्या. "मला कळतं गं," त्या म्हणाल्या, "पण यादीबाहेरच्या बाईच्या हातात औषध दिलं, तर माझी नोकरी जाईल."

फेलिसा मोकळ्या हातानं इस्तोयच्या पायरीवर बसायला लागली. जेरालिन गोळ्या घेऊन येईल, आपण समोर असलो की तो घेईल, असा तिचा हिशोब. चार दिवस जमलंही. मग कप्तानाला कळलं, आणि पोरीला तंबी मिळाली: ती बाई तिथं दिसली तर तू जायचं नाहीस. फेलिसा मागं हटली. इस्तोयनं तोंड उघडायचं बंद केलं.

"दुसऱ्याच्या दुखण्यापायी वाळत चाललीस," नवरा दोमिंग म्हणाला. "काय मिळत होतं त्यात?"

तिला सांगता येईना. वाटेनं जाताना बायका लेकरू उचलून दाखवायच्या, "बघा मनांग, बाळसं धरलं!" ते मिळत होतं. आता त्याच बायका कप्तानाच्या धाकानं नजर चुकवून जात.

गोळ्या सुटल्याच्या सहाव्या आठवड्यात इस्तोयला रक्ताची उलटी झाली. जेरालिन धावत फेलिसाकडंच आली. दोघींनी त्याला होडीत घातलं. तालुक्याच्या धक्क्याला लागण्याआधीच त्याचं अंग गार झालं. जेरालिन त्याचे पाय चोळतच होती. फेलिसानं तिचे हात धरले तेव्हा कुठं ती थांबली.

दफनानंतर जेरालिननं काम सोडलं आणि इलोइलो शहराला निघून गेली. महिनाभर केंद्राला कुलूप. मग कप्तानाचा निरोप आला, मनांगला म्हणावं, ये परत.

"थुंक त्याच्या निरोपावर," दोमिंग म्हणाला.

फेलिसाला तेच करायचं होतं. दोन दिवस तिनं निरोप्याला दारात उभं केलं नाही. पण टेकडीवरच्या नेनिताला आठवा महिना होता, पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते आणि तिचा रक्तदाब कुणीही बघत नव्हतं. तिसऱ्या दिवशी फेलिसा कप्तानाच्या ओसरीवर गेली. तो हसून "बस की" म्हणाला. ती बसली नाही. केंद्राची चावी उचलली आणि टेकडीची वाट धरली. चढताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढचं घर येऊच नये असं तिला वाटत होतं; तिथलं माणूसही इस्तोयसारखं हातातून गेलं तर?