गवतकापणीचं इंजिन

बाबांनी सायकलला इंजिन बसवलं तेव्हा मी त्यांच्यावर जाम चिडले होते. गवत कापायच्या मशीनचं ते इंजिन. मागच्या कॅरिअरवर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं, पुढे एक रोलर, तो टायरला घासला की चाक फिरणार. हँडलला रेसची वायर. आवाज असा की वलगावच्या चौकात चहा पिणारी माणसं घोट गिळायचं विसरून माझ्याकडे बघत बसायची.

"मी नाही बसत याच्यावर. लोक हसतीन मले."

"हसू दे. हसनारे तुले कॉलेजात सोडून देत नाहीत," बाबा म्हणाले.

खरंच होतं ते. सकाळची एसटी बंद झाल्यापासून मी अमरावतीपर्यंत पायडल मारत जात होते. वॉर्डात पोहोचेपर्यंत पाय लटपटायचे, आणि निम्म्या दिवशी पोहोचायचेच उशिरा. नर्सिंगच्या मॅडमनी शेवटी सरळ सांगितलं, "पायल, आता एक जरी खाडा झाला, तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही." वर्ष गेलं असतं तर मला पुन्हा कोण पाठवणार होतं? आई गेल्यापासून कमावणारे एकटे बाबा, तेही रामरावांच्या संत्र्याच्या बागेत कामाला. मग बसले मुकाट्यानं.

इंजिन आणलं कुठून, हे मी विचारलं होतं. "रामरावनं नवीन मशीन घेतलं, जुनं देल्लं मले," असं बाबा म्हणाले. रामराव आणि फुकट काही देणार! पण माझी गरज भागत होती, म्हणून मी ते खरं धरलं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कॉलेज दुपारीच सुटलं. हॉल तिकीट मिळालं होतं, ते बाबांना दाखवावं म्हणून सायकल सरळ बागेकडे वळवली. इंजिन बंद केलं आणि बागेत शिरले. मशीनचा आवाज कुठेच नव्हता. झाडांच्या ओळीत बाबा गुडघ्यांवर बसून विळ्यानं गवत कापत होते. कंबर आईच्या जुन्या लुगड्यानं करकचून बांधलेली. मागच्या ओळी साफ होत्या, पुढे नाल्यापर्यंत मांडीएवढं गवत उभं होतं. मला बघून ते उठायला गेले, पण कंबर सरळ होईना. झाडाला धरून तसेच वाकून राहिले.

"मशीन कुठी हाय?"

"बिघडलं."

"नवीन मशीन बिघडलं?"

बाबांनी माझ्या सायकलीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मला कळायचं ते कळलं. नवीन मशीन आलंच नव्हतं. एकच मशीन होतं आणि त्याचं इंजिन मी रोज अमरावतीला फिरवत होते. मशीन आहे म्हणून रामरावांनी निंदणाच्या बायांना बोलावणं कधीच बंद केलं होतं. ते स्वतः अमरावतीला राहायचे, फोनवर विचारायचे. बाबा सांगायचे, चालू हाय मशीन. आणि हा माणूस एवढी बाग हातानं कापत बसला होता.

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त बसली असती का तू सायकलवर?"

मला फार राग आला. त्यात बाबांकडून दुसरी गोष्ट कळली. उद्या सकाळी अकोल्याचे व्यापारी बाग बघायला येणार होते. आमच्याकडे संत्रा झाडावरच विकला जातो. व्यापारी ओळीओळीतून फिरतो, गवतात पडलेली फळं दिसली की भाव पाडतो. रामरावांनी बाबांना फोनवर बजावलं होतं, बाग साफ दिसली नाही तर धर्मपाल, तू उद्यापासून येऊ नको.

"पाना द्या मले. इंजिन काढून मशीनले लावतो. संध्याकाळलोक कापून होईन. उद्या मी पायडल मारत जाईन, पहाटेच निंघीन."

"राहू दे, पायल."

"काय राहू दे? द्या पाना!"

खिशातला पाना त्यांनी काढून दिला. इंजिन अजून तापलेलं होतं, बोटं पोळली, तरी मी एकेक बोल्ट सोडवला. इंजिन पोटाशी धरून धावत खोपडीत, बागेतल्या अवजारांच्या झोपडीत गेले. बाकीचं मशीन भिंतीला टांगलेलं होतं. पातं होतं, दांडा होता. पण ज्या लांब नळीनं पातं फिरतं ती मधूनच कापलेली. आतला रॉडही कापलेला. कापलेला तुकडा माझ्या हातातल्या इंजिनालाच होता. त्याच्यावरच सायकलचा रोलर बसवला होता.

बाबा मागून हळूहळू आले आणि दारात टेकले.

"हे जोडता येत नाही?"

"नाही."

"दुसऱ्या कोनाचं मशीन आनू."

"समद्याइच्या बागेत हेच चालू हाय. कोन देईन?"

"मंग कापलं काहून, बाबा? तसंच ठेवता नसतं आलं?"

"आलं असतं," बाबा म्हणाले. "पन परत लावता येईन असं ठेवलं असतं, त मी कवातरी भेऊन परत लावून टाकलं असतं."

मी इंजिन खाली ठेवलं आणि तिथंच बसून रडले. मग दुसरा विळा घेतला. अंधार पडेस्तोवर आम्ही दोघं कापत होतो. माझ्या हाताला फोड आले, त्यांच्या हाताला फोड येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नाल्याकडचं गवत तसंच राहिलं.

पहाटे उठले तर इंजिन सायकलवर पुन्हा बसवलेलं होतं. बाबांनी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

"मी नाही जात. रामरावले मीच सांगतो, चूक माही हाय," मी म्हणाले.

"तू तिथं राहून गवत थोडीच कमी होते? जाय."

मी गेले. वलगावच्या पुढे समोरून एक पांढरी गाडी आली. एमएच तीस, अकोल्याची. आत इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं. ती आमच्याच गावाकडे निघाली होती. तिच्यापुढे आडवं पडावं, तिला घटकाभर तरी अडवावं, असं मला फार वाटलं. गाडी बाजूनं निघून गेली, आणि मी अमरावतीच्या दिशेनं रेस वाढवली.