कुलूपकाकांचं कुलूप

भाड्याचं दुकान सोडायचं म्हणून घड्याळवाले मामा सकाळी त्याची किल्ली कुलूपकाकांच्या टेबलावर ठेवून यायचे आणि दुपारच्या आत ती परत मामांच्याच हातात यायची. चारदा असं झालं. किल्ली कसली, पाळलेलं कबूतरच ते.

कुलूपकाका म्हणजे दुकानाचे मालक. रोज संध्याकाळी आपल्या सहाही गाळ्यांची कुलपं तीनतीनदा ओढून बघायचे, म्हणून हे नाव. त्यांचं पालुपद एकच: करार तीन वर्षांचा, चौदा महिने बाकी, मध्येच सोडायची सोय कागदात नाही.

मामांना मात्र हल्ली स्क्रू कुठला आणि मुंगी कुठली ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलेलं. पण भाडं भरायचं तर दुकान उघडायचं, आणि दुकान उघडायचं तर डोळे फोडून घ्यायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यांची भाची वकील. तिने समजावलं की मालकाने तुमचं सोडणं मान्य केलं तर करार तिथेच संपतो. मग नवा भाडेकरू मिळेपर्यंतचं नुकसान तेवढं तो मागू शकतो. नाही केलं, तर करार जिवंत आणि तुम्ही आत.

"पण मान्य करायला तोंडच लागतं असं नाही, मामा. वागण्यातूनही होतं."

तो माणूस वागण्यातही कुलूपबंद आहे, मामा म्हणाले.

मंगळवारी धूसर दिसत असल्यामुळे मामांचं कुलूप नीट लागलंच नाही. संध्याकाळी काकांनी एकदा ओढलं आणि ते हातातच आलं. उघडी कडी काकांना बघवेना. त्यांनी स्वतःचं नवंकोरं कुलूप ठोकलं.

सकाळी मामा बाहेर आणि हत्यारं आत. भाचीला घेऊन त्यांनी काकांकडे किल्ली मागितली.

"माझ्या कुलपाची किल्ली मी बायकोलाही देत नाही," काका म्हणाले.

"म्हणजे गाळा आता तुमच्या ताब्यात?" भाचीने विचारलं.

"मग काय तुमच्या?"

भाचीने कागद पुढे सरकवला. एक तर गाळा ताब्यात घेतला, करार संपला हे लिहून द्या, नाहीतर किल्ली द्या. काकांची बोटं जुडग्यावर गेली, एक किल्ली चाचपली आणि तिथेच अडकली. जन्माची सवय ती, सुटते कुठली. शेवटी डाव्या हातात जुडगा घट्ट धरून त्यांनी उजव्या हाताने सही केली. हत्यारांची पेटी मात्र स्वतः दार उघडून काढून दिली.

मामांनी जुनी किल्ली टेबलावर ठेवली. दारातून सवयीने वळून पाहिलं.

कबूतर जागचं हललं नव्हतं.