मंठ्याच्या छपरावरची पाटी

मित्रांनो, मी घराच्या छपरावर बसवायची दगडी पाटी आहे. वय विचाराल तर डोंगराएवढी जुनी. छपरावरची नोकरी मात्र मला जेमतेम तीन महिने लाभली. तुमचे आजोबा ज्या पाटीवर बाराखडी गिरवत, तोच हा काळा दगड.

माझा जन्म हिमाचलातल्या एका खाणीत झाला. कारागिराने छिन्नी लावली आणि पापुद्रा सुटावा तशी मी डोंगरापासून सुटले. मग त्याने माझ्या वरच्या कडेला दोन भोकं पाडली. त्यांतून खिळे ठोकून मला बसवायचे आणि माझ्यावर दुसरी पाटी अर्धी चढवायची, म्हणजे पाणी सांध्यांतून आत उतरत नाही. आमच्याकडची घरे पिढ्यान्‌पिढ्या अशीच कोरडी राहिली आहेत.

मंठ्याचे कल्याणराव मोसंबीचा ट्रक घेऊन तिकडे आले होते. भर उन्हात एका घरी पाणी प्यायला टेकले, तर छपराखाली गारवा! त्यांना एकदम घर आठवले. त्यांची बायको वंदनाताई पत्र्याच्या खोलीत कपडे शिवत. मागच्या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन त्या मशीनवरच पडल्या होत्या. तिसऱ्यांदा पडलात तर काम बंद, असे डॉक्टरांनी बजावले होते. कल्याणरावांनी परतीच्या ट्रकमध्ये आम्हाला भरले.

पण दुसऱ्याच दिवशी त्यांना पुढच्या फेरीला निघावे लागले. छप्पर सोपवले सोमेश्वर मिस्त्रींवर. तालुक्यात त्यांच्यासारखी फरशी कोणी बसवत नाही, आणि नेमके तेच आम्हाला नडले.

"ह्यांनी सांगितलंय, एकावर एक चढवून लावायच्या," वंदनाताई म्हणाल्या.

"वहिनी, तीस वर्षं फरशी बसवून राह्यलो मी. एकावर एक चढवायला ह्या काय भाकरी हायेत? सांध्याला सांधा बराबर लावतो बघा. अर्धा माल वाचंल."

"अन् ही भोकं?"

"गाडीत आदळून पडली असतील. सिमेंट भरतो, बिलकुल दिसणार न्हाई."

एवढा जाणता माणूस सांगतोय म्हटल्यावर वंदनाताईंनी होकार दिला. मी ओरडून ओरडून सांगितले असते, पण मला तोंड कुठे आहे? मिस्त्रींनी पत्रे काढून लाकडी फळ्या ठोकल्या आणि आम्हाला त्यांवर सिमेंटात चिकटवून टाकले. उरलेल्या पाट्या मोठ्या प्रेमाने अंगणात फरशी म्हणून बसवून दिल्या.

तो उन्हाळा मात्र सोन्याचा गेला. वंदनाताई भर दुपारी मशीन चालवत आणि शिवता शिवता गुणगुणत. शेजारच्या प्रेमबाई तर रोज विसाव्याला यायच्या. कल्याणराव दोन फेऱ्यांमध्ये रात्रीपुरते यायचे, गारव्याने खूश व्हायचे; वर चढून मात्र त्यांनी पाहिले नाही. मला केवढा अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

उन्हाने फळ्या हलल्या, सांधे उकलले. आषाढात तीन दिवस झड लागली आणि शाळेचे बावीस गणवेश भिजून चिंब झाले.

"दगडाला पाझर फुटतो म्हणतेत, ते आज पाहिलं बाई!" प्रेमबाई म्हणाल्या.

"दगडच खराब निघाला. पाणी पिऊन राह्यला," मिस्त्रींनी निदान केले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला पाणी पिता येत नाही हो, तोच तर माझा एकमेव गुण.

कल्याणराव परतले. त्यांनी वर चढून सांधे पाहिले. "मीच थांबायला पाह्यजे होतं," ते म्हणाले. काढून पुन्हा नीट लावावे, तर सिमेंटात बसलेल्या पाट्या अखंड निघत नाहीत. पहारीने आमच्या ठिकऱ्या झाल्या. अंगणातल्याही उचलताना फुटल्या. छपरावर पुन्हा पत्रे आले. मी तेवढी कशीबशी वाचले आणि दारातली पायरी झाले.

मित्रांनो, राग कोणावर धरू? मिस्त्री मनापासून राबले होते. तुम्ही आपल्या कामात कितीही तरबेज व्हा, पण परक्या मुलखातून आलेल्या वस्तूला तिची रीत आधी विचारा. ती सांगू शकत नसेल, तर जो जाणतो त्याच्यासाठी दोन दिवस थांबा.

सध्या चैत्र चालू आहे. दुपारी दोनला आतली मशीन थांबते. वंदनाताई ओला रुमाल डोक्याला बांधून भिंत धरत बाहेर येतात, सावलीत माझ्यावर बसतात आणि तळहात टेकवतात.

"केवढा गार हाये हा दगड," त्या म्हणतात.

मग उठून पुन्हा पत्र्याखाली जातात. मला त्यांच्या मागे आत जाता येत नाही.