सासूबाईंचा लाल काटा

घाबरू नका, मी सासूबाई बोलतेय. तुमची नाही हो, विद्यापीठाच्या स्थापत्य विभागाची. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी ते हिरवं, जाडजूड, पोटात तेल भरलेलं दाबयंत्र उभं आहे ना, ती मी. वजनाचं विचारू नका. मला इथं आणलं तेव्हा दाराची चौकट काढावी लागली होती. त्यानंतर मला हलवायचा विषय कुणी काढलेला नाही.

माझं काम एकच. काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, ज्याला सगळे क्यूब म्हणतात, तो माझ्या दोन पोलादी पाटांमध्ये ठेवायचा आणि फुटेपर्यंत दाबायचा. किती दाबाला फुटला ते तबकडीवरचे दोन काटे सांगतात. काळा काटा दाबाबरोबर चढतो आणि ठोकळा फुटला की धाडकन खाली येतो. लाल काटा त्याच्याबरोबर चढतो, पण पोचला तिथंच थांबतो. मग कुणी कितीही मनधरणी करा, हाताने मागे ढकलल्याशिवाय उतरत नाही. समोरच्याला मोडेपर्यंत दाबायचं आणि वर तो किती कमी पडला ते चारचौघांत दाखवत बसायचं, म्हणून कुठल्याशा बॅचने मला सासूबाई म्हटलं. नाव चिकटलं. खरं सांगू? शोभतंही.

इथली एक रीत आहे. शिकून गेलेलं पोर आपल्या पहिल्या कामावरचा एक क्यूब घेऊन माझ्याकडे येतं. बाहेर चकचकीत यंत्रं पुष्कळ आहेत, पण पहिला क्यूब फुटणार तो इथंच, इथं शिकवणाऱ्या सरांसमोर. चांगला क्यूब चारी बाजूंनी सोलल्यासारखा फुटतो आणि मधे कंबर बारीक असलेला तुकडा उरतो. तो तुकडा ते बरोबर नेतात. कुणाच्या टेबलावर तो कागद दाबतो, कुणाच्या घरी दार अडवतो. एकीने तर सरांना फोनवर सांगितलं, "सर, बदलीत कपाट मागे राहिलं, पण तुकडा आणलाय!" माझी माणसं अशी जगभर पसरलीत, नि प्रत्येकाच्या घरात माझ्या हातचं एक भांडण पडलेलं आहे.

यातली दोघं मला विसरता येत नाहीत.

पहिला तुफान. जिना उतरताना तीन पायऱ्या गाळणारा, परीक्षेतून सगळ्यांच्या आधी उठणारा. दाब चढवणारा माझा व्हॉल्व्ह सोडायचा तर असा, की माझ्या पोटातलं तेल घशाशी यावं. सर त्याच्या हातावर पट्टी टेकवायचे. "हळू रे! तिला बोलू दे."

दुसरी त्याच्यापेक्षा बरीच धाकटी, शंका. तासाला निम्मा वेळ हात वर. "सर, एक शंका आहे." पोरं कपाळाला हात लावायची. सर मात्र खडू खाली ठेवून ऐकायचे.

पुढे तुफान मोठा बांधकामवाला झाला आणि शंका त्याच्याच कंपनीत साइटवर लागली. विद्यापीठाचं माजी विद्यार्थी भवन बांधायचं ठरलं तेव्हा काम तुफानने मागून घेतलं. "सर, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." भवन माझ्या खिडकीसमोरच उभं राहिलं. आत मोठं सभागृह आणि वर, खाली एकही खांब नसलेली, पुढे झुकलेली बाल्कनी.

आता त्या दिवसाचं सांगते. आठवलं की अजून माझं तेल थंड पडतं.

उद्घाटनाचा दिवस. त्याच दिवशी बाल्कनीच्या काँक्रीटला चार आठवडे पूर्ण होत होते, म्हणजे त्याच मालातून भरून ठेवलेल्या क्यूबची खरी परीक्षा त्याच दिवशी. तुफानने ठरवलं, शेवटचे तीन क्यूब जुन्या मंडळींसमोर फोडायचे, टाळ्या वाजवायच्या आणि मग सगळ्यांनी सभागृहात जायचं. सगळ्यात जुन्या बॅचला मान म्हणून बाल्कनीत बसवायचं.

गर्दी यायच्या आधी शंका एकटीच आली. पाण्याच्या टाकीतून क्यूब काढून पुसले, माझे पाट पुसले. तबकडीच्या काचेवर खडूने एक रेघ मारली. लाल काटा तिथवर पोचला तर क्यूब पास. मग माझ्या पत्र्यावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "सासूबाई, मला खोटं पाडा हो. एवढी एक शंका खोटी निघू दे."

बाल्कनी ओतली त्या दिवशी काँक्रीटची गाडी उन्हात अडकली होती. माल घट्ट झाला होता. परत पाठव, असं ती म्हणत असताना तुफानने त्यात पाण्याचा पाइप सोडला. पाणी घातलं की माल सरसर पसरतो, पण अंगातला जोर जातो. आठवड्याने फोडलेले क्यूबही कमीच पडले होते. "वय वाढलं की येते ताकद," असं म्हणून तुफानने विषय मिटवला होता.

थोड्या वेळात खोली भरली. पिकलेले केस, सुटलेली पोटं, गळ्यात नावांच्या पट्ट्या, आणि सगळे एकमेकांना "अरे जाड्या" म्हणत होते. समोरच्या भवनातून माइकवरचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. वर बाल्कनीत खुर्च्या सरकत होत्या. आगाऊ जागा धरणारे तिथं जाऊनही बसले होते.

तुफानने पहिला क्यूब स्वतः ठेवला. त्याच्या एका बाजूवर सोनेरी रंगात त्याच्या बॅचचं वर्ष लिहिलं होतं. ते फोटोत सरळ दिसेल असाच क्यूब ठेवला. सर तुफानच्या शेजारी, मी मधे. बरी दिसले असेन. व्हॉल्व्ह सुटला, काळा काटा चढू लागला आणि रेघेच्या कितीतरी आधी क्यूबने जीव सोडला. धप्प.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

सरांनी वाकून तुकडे पाहिले. "अरे, ही खडबडीत बाजू वर कशी आली?"

क्यूब साच्यात भरतात तेव्हा वरची बाजू थापीने सपाट करतात, ती खडबडीत राहते. तिच्यावर दाब द्यायचाच नाही, क्यूब आडवा करून गुळगुळीत बाजूंवर द्यायचा. हा इथला पहिला धडा. पण आडवा ठेवला असता तर ते सोनेरी वर्ष आडवं पडलं असतं! फोटोच्या नादात खोलीभर इंजिनिअरांच्या ते ध्यानातच आलं नाही.

"काय शिकवलं मी तुम्हाला?" सर म्हणाले. "आणि मीही फोटोत हसत उभा!"

खोली हसली. तुफानने घाम पुसला. शंकाही हसली, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला.

दुसरा क्यूब सरांनी ठेवला. नीट, आडवा. व्हॉल्व्ह हळू सोडला. काटा चढत गेला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर. रेघ जवळ आली. आणि करकर असा आवाज माझ्या अंगातून गेला. काळा काटा कोसळला. लाल काटा रेघेच्या बोटभर खाली थांबला.

आता कुणी हसलं नाही.

"मशीन म्हातारी झालीय सर," तुफान म्हणाला. "गळतेय बघा खालून."

गळते, खरंय. थोडं तेल गळतं. या वयात कोण कुठून गळत नाही? पण मी हादरले. खरंच मी चुकत असेन तर? पोरीची नोकरी, पोराचं नाव आणि समोरची माणसं, सगळं माझ्या एका काट्यावर.

शंका म्हणाली, "दादा, गेल्या महिन्यात याच मशीनवर खांबांचे क्यूब पास झाले. तेव्हा ती तरुण होती का?"

"शंके, तू गप गं! क्यूब भरताना माल तूच नीट ठोकून बसवला नसशील. हे बघा, तिसरा बाहेरच्या लॅबला पाठवू. कार्यक्रम होऊन जाऊ दे. लोक बसलेत वर."

"बसलेत म्हणूनच म्हणतेय, दादा."

सर दोघांकडे बघत राहिले. दोन्ही त्यांचीच. मग तुफानला म्हणाले, "तिसरा तू फोड. तुझ्या हाताने."

खोलीतली हवा घट्ट झाली. कारण व्हॉल्व्ह झटकन सोडला की दाब धावत चढतो, ठोकळ्याला मोडायला उसंत मिळत नाही आणि काटा खऱ्यापेक्षा जरा वर जाऊन बसतो. जराच. पण तुफानला बोटभरच हवं होतं. ही युक्ती ठाऊक नसलेलं एकही माणूस तिथं नव्हतं. ती करायची नाही हे सगळ्यांना इथंच, माझ्यासमोर शिकवलं होतं.

तुफानने लाल काटा मागे ढकलला, क्यूब आडवा ठेवला. हात व्हॉल्व्हवर आला. तो हात मी विसरले नव्हते.

त्याने व्हॉल्व्ह जोरात फिरवला. काळा काटा उसळला. सर, शंका, सगळे बघत होते, काट्याकडे नाही, त्याच्या हाताकडे. समोर वर आणखी एक खुर्ची सरकली.

हात थांबला. त्याने व्हॉल्व्ह थोडा मागे फिरवला. "हळू रे," तुफान स्वतःशीच पुटपुटला, "बोलू दे तिला."

मग मी बोलले. माझ्या वेगाने, जसं बोलायला हवं तसं. काटा चढला, रेंगाळला, करकरला. क्यूब फुटला. लाल काटा दुसऱ्यापेक्षाही किंचित खालीच थांबला.

तुफानने तो नीट निरखून पाहिला. मग वळला. "बाल्कनी खाली करा. आत्ता. कुणाला धावू देऊ नका, उड्या नकोत, एकेकाला उतरवा."

शंका त्याआधीच दारातून पळाली होती. मला खिडकीतून फक्त भवनाची भिंत दिसते. मी आवाज ऐकत राहिले. माइकवर तिचा आवाज, "वरच्या मंडळींनी सावकाश खाली यायचंय, सामान तिथंच राहू द्या." पावलं. एक म्हातारा कुरकुरला, "अहो, आत्ता तर जागा मिळाली." पुन्हा पावलं. मग शांतता, आणि शेवटी तिचं, "सर, सगळे खाली!"

मी तेव्हा कुठे तेल खाली उतरू दिलं.

संध्याकाळी बाल्कनीच्या मुळाशी भिंतीलगत केसाएवढी भेग सापडली. कार्यक्रम झाडाखाली झाला. सुरू व्हायच्या आधी तुफान माझ्यापाशी येऊन तुकडे गोळा करत होता. शंका दारात उभी होती.

"पाइप मी सोडला होता," तो म्हणाला.

"माहितेय दादा. मी तिथंच होते."

"मग तेव्हा ओरडली का नाहीस?"

"ओरडले होते. तुम्ही जिना उतरत होतात."

दोघांनाही हसू आलं, पण ओठांच्या बाहेर काही पडलं नाही.

त्या तिसऱ्या क्यूबनंतर सरांनी लाल काटा मागे ढकलला नाही. "राहू दे," म्हणाले. बाल्कनी पाडली, नवी ओतली, तोवर मी सुट्टीवर. मग तुफान नवे क्यूब घेऊन आला, काटा स्वतःच्या बोटाने शून्यावर आणला आणि इतका हळू दाब दिला, की मलाच जांभई आली. पास झाले सगळे. त्याच्या टेबलावर मात्र त्यातला तुकडा नाही. तिथं त्या तिसऱ्या क्यूबचा चुरा आहे, काचेच्या बरणीत.

आता माझ्या शेजारी कॉम्प्युटरवालं नवं यंत्र आलंय. सूनबाई हुशार आहे, आकडे भराभर सांगते. मी पहिल्या वर्षाच्या पोरांना धडा द्यायला उरलेय. सर निवृत्त झाले, तरी येतात. तेही इथलेच माजी विद्यार्थी आहेत हे पोरांच्या लक्षातच येत नाही.

तुम्हीही या. हार नकोत, भाषणं नकोत. हाताला सिमेंट लागलेलं असेल तरी चालेल. मनात शंका असेल तर ती घेऊनच या, इथं तिला बसायला जागा आहे. आणि मी कमी दाखवलं तर राग मानू नका. बाहेर तुम्हाला गोड बोलणारे पुष्कळ भेटतील.

फक्त व्हॉल्व्ह तेवढा हळू सोडा. सासू असले तरी आता गुडघे दुखतात.